विदूचा रेडिओग्राम, आमचे अण्णा

अण्णांचा रेडिओग्राम मी आपण होऊन विद्याधरला देऊन टाकला. कुणी मागितला नव्हता, कुणी भाग पाडलं नव्हतं. विद्याधर जाऊन आता महिना होत आला. त्याच्या घरून फोन आला तेव्हा मी ऑफिसात टेबलाभोवती माणसं जमवून हीच हकिगत रंगवून सांगत होतो. रिसीव्हर खाली ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर... आता तो रेडिओग्राम कुणाचा? माणूस किती हलका असू शकतो हे बघायला मला लांब जावं लागत नाही.

रेडिओग्राम म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. बुटक्या कपाटाएवढं लाकडी धूड, पुढे लंडन-कोलंबो-कराची लिहिलेली काचेची डायल, पोटात व्हॉल्व्हचा रेडिओ, आणि वरचं झाकण उचललं की आत रेकॉर्ड प्लेअर. अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाण्याच्या कोर्टात नोकरीला होते. आई असताना त्यांनी तो हौसेने घेतला. आई गेली, पुढे तोही बंद पडला, आणि रंगीत टीव्ही आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत येऊन पोचला. ठेवायला जागा एकच होती, रेडिओग्रामच्या डोक्यावर. मी ठेवला. खाली क्रोशाचा रुमालसुद्धा घातला. झाकण वरच्या बाजूला उघडतं, म्हणजे आतल्या रेकॉर्डी त्या दिवसापासून कोंडल्या गेल्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. अण्णांच्या आलं. संध्याकाळचे गॅलरीत बसायला लागले, एवढंच.

पुढे टीव्हीसाठी लोखंडी स्टँड आणला आणि त्या धुडाची अडचण व्हायला लागली. विद्याधर, आमचा विदू, माझा कॉलेजातला मित्र. ठाण्याला तलावपाळीजवळ राहायचा, बँकेत होता. एकदा चहाला आला असताना बोटाने डायलवरची धूळ पुसत म्हणाला, "मध्या, बघू का रे याच्याकडे जरा?"

"बघतोस काय, घेऊनच जा," मी म्हटलं.

गॅलरीतून अण्णांचा आवाज आला, "रेकॉर्डी पण ने रे विद्याधर." मला वाटलं, सुटलो.

विदूने त्यात वर्ष घालवलं. त्याच्या बाहेरच्या खोलीत सोल्डरचा वास आणि सुनंदावहिनींच्या परातीत स्क्रू. सुकलेले कंडेन्सर बदलले, डायलचा काटा सरकवणारी तुटलेली दोरी नव्याने ओवली, रेकॉर्ड फिरवणारं रबरी चाक दगडासारखं झालेलं, ते पॉलिशपेपरने घासून घासून पुन्हा पकड घेईलसं केलं. एक व्हॉल्व्ह काही मिळेना, तर त्यासाठी विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्यांकडे खेपा घातल्या. मलाही न्यायचा. तो प्रत्येक दुकानात विचारायचा, "आहे का?" आणि मी शेजारी उभा राहून मनात म्हणायचो, नसू दे. आपण टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात चांगली निघावी, यासारखा अपमान नाही.

व्हॉल्व्ह मिळाला. रेडिओग्राम पहिल्यांदा चालू करायचा म्हणून अण्णांना घेऊन मी गेलेलो. विदूने खटका दाबला. डायलचा दिवा लागला, आवाज नाही. मी लगेच उठलो. पायाने चपला शोधत, शक्य तितक्या दुःखी आवाजात म्हणालो, "जाऊ दे विदू, जुना माल आहे."

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस खाली. तापू दे त्याला."

व्हॉल्व्ह तापल्याशिवाय रेडिओ बोलत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. त्याच रेडिओसमोर मी लहानाचा मोठा झालो. मग डायलच्या कोपऱ्यातला हिरव्या दिव्याचा डोळा हळूहळू उघडला आणि खरखरीतून कुण्या बाईचा गाण्याचा आवाज वर आला... अण्णांनी हात पुढे केला आणि विदूच्या खांद्यावर ठेवला. मी एका पायात चप्पल घालून उभा.

तेव्हापासून अण्णांचा रविवार विदूचा झाला. आमच्याकडे चुरगळलेल्या पायजम्यात वावरणारा माणूस इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच ठाण्याला निघायचा. मी जळायचो. अण्णांना परत वळवावं म्हणून भारीतला टू-इन-वन आणला. "छान आहे," अण्णा म्हणाले, आणि पुढच्या रविवारी तो कापडी पिशवीत घालून ठाण्याला घेऊन गेले. रेडिओग्रामसमोर ठेवून त्याचा आवाज कॅसेटवर भरून आणला. मग आठवडाभर माझ्या घरात, मी आणलेल्या यंत्रावर, विदूचा रेडिओग्राम वाजायचा. खरखरीसकट, वहिनींच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट आणि विदूच्या "अण्णा, चहा घेताय ना?" सकट.

अण्णा गेले तेव्हा विदू असा रडला की लोक त्यालाच पाणी देत होते. रडण्यातही मी मागे पडलो. कोर्टातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विदूच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आपण कोण? जावई का?"

विदूची शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. तो फार वाळला होता. न राहवून मी विचारलं, "अण्णा तुझ्याशी एवढं काय बोलायचे रे?"

"तुझ्या तक्रारी," तो म्हणाला. "मध्या वेळेवर जेवत नाही, मध्या कुणाचं ऐकत नाही, मध्याला कशातलं काही कळत नाही. रेकॉर्ड संपून नुसती फिरत राहायची, तरी यांचं चालूच." मग पोह्यांची बशी खाली ठेवली. "माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. माझ्या नावाने असं कुणी करवादलं नाही रे कधी... राग यायचा मला तुझा."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांवर जळत समोरासमोर बसून पोहे खात होतो. यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "लिंबू आहे का अजून?"

परवा ठाण्याला गेलो. जाताना टेम्पो ठरवूनच नेला. रेडिओग्राम जागेवर होता, पॉलिश अजून तोंड दिसेल असं. समोर त्या दोन खुर्च्या, एक अण्णांची, एक विदूची. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. सुनंदावहिनींनी न विचारता खटका दाबला आणि आम्ही तो तापायची वाट बघत बसलो. या वेळी मी उठलो नाही. हिरवा डोळा उघडला.

मी घसा साफ केला. "वहिनी, तुम्हाला एकटीला याची उस्तवार कशी जमणार? मी नेतो घरी. नीट ठेवीन."

वहिनींनी खिडकीतून खाली टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रविवारी ऐकायला येत जा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "न्यायचं नाव काढू नका. परत त्याच्यावर टीव्ही ठेवाल."