चार पावलं उशिरा

माणूस दोन पायांवर चालतो असं जग समजतं. माझ्या चुलत सासऱ्यांच्या मते माणूस चालतो तो फक्त डाव्या पायावर, उजवा आपला नोकरीला ठेवल्यासारखा त्याच्या मागनं येतो. लष्कराच्या बँडमध्ये उभी जवानी घालवून ते पेन्शनीवर वाईजवळच्या आपल्या गावी परतले, आणि त्या दिवसापासून कुणाचा कुठला पाय आधी पडतो यावर त्यांची नजर बसली ती बसलीच. देवळाच्या पायऱ्या चढणारी बाई असो, नाहीतर डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेला गडी असो, हे पारावर बसल्या जागी पुटपुटायचे, "डावा... डावा... हां, हितं चुकला." अंतर ते किलोमीटरात सांगत नसत. पोस्ट चारशे पावलांवर, दवाखाना सहाशेवर, आणि वाईचा स्टँड "मोजू नगा, एस्टीनं जावा" इतक्या लांब. रस्त्याला वळण आलं की आतल्या बाजूच्या माणसानं जागच्या जागी पाय वाजवत थांबायचं आणि बाहेरच्यानं लांब टांगा टाकत यायचं, हा नियम त्यांनी स्वतःच्या बायकोलाही लावला होता. मामी पिशव्या घेऊन वळणावर पाय वाजवत उभ्या आहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मामी म्हणायच्या, "लगीन करून आले तवा वाटलं मानूस लंगडा हाय. मग कळलं, त्यो मोजतोय."

माझी आणि त्यांची ओळख माझ्याच लग्नात झाली, सप्तपदीच्या वेळी. भटजी म्हणाले, "उजवा पाय पुढं टाका." मांडवातून हुकमी आवाज आला, "पावणं, डावा." भटजींनी वर पाहिलं. म्हणाले, "शास्त्रात उजवाच आहे." "शास्त्र बसून लिवलंय," आवाज म्हणाला, "हे चालत्यात." मी नवरदेव, घाबरलेला. नवरीनं उजवा टाकला, मी डावा, आणि सात पावलं आम्ही दोघं एकमेकांच्या घोट्याला ठेचकाळत कशीबशी पुरी केली. जेवणाच्या पंगतीत ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि पहिल्यांदाच नीट बोलले, "पाय जड हाय तुमचा, पर ठोक्यावर पडतोय. ढोल घ्या." त्याच गावच्या शाळेत मी पुढं बदलून आलो आणि खरोखरच ढोल घेतला. त्यांनी बँड उभा केला होता चौदा जणांचा, आणि त्यात मोठा ढोल देणं हा जावयाचा मान होता.

या चौदांत लष्करातला कुणी नव्हता. दूध गोळा करणारा एक, वेल्डिंगवाला एक, एस्टीचा कंडक्टर एक, शाळेतला मी, बाकीचे ऊसवाले. पहिले चार महिने त्यांनी कुणालाच वाद्य दिलं नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारून नुसतं चालवलं. रांगेतल्या तिघांच्या कमरपट्ट्यांतून साधा शिवणाचा दोरा ओवायचे. एकाचं पाऊल अर्ध्या वितीनं पुढंमागं झालं की दोरा तुटायचा, आणि दोरा तुटला की सगळे परत पहिल्या रेघेवर. वेल्डिंगवाला एकदा वैतागून त्यांना म्हणाला, "मास्तर, सुतळी घ्या की." ते म्हणाले, "सुतळीनं बैल बांधत्यात." क्लॅरिनेट धरणाऱ्यांना काठोकाठ भरलेली दुधाची किटली हातात देऊन फिरवायचे. चालताना गुडघा कडक राहिला की धक्का ओठापर्यंत जातो आणि सूर फाटतो, म्हणून गुडघा मऊ पाहिजे, हे त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. सांडलेल्या दुधानं सांगितलं. दूधवाल्याचं दूध होतं, त्यामुळे तो सगळ्यांत लवकर शिकला. सूर चुकला तर फारसं रागवायचे नाहीत. पाऊल चुकलं तर मात्र अख्ख्या बँडला थांबवून त्या माणसाकडं असं बघायचे की त्याला आपल्या पायाची लाज वाटावी.

मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली, पण ती दोन वर्षं शिकवली. बँड चालताना बाकीच्यांनी कान ढोलाकडं ठेवायचे, आणि ढोलवाल्यानं डोळे काठीकडं. पितळी मुठीची ती काठी सगळ्यांच्या पुढं त्यांच्या हातात असायची. काठी वर गेली की सावध व्हायचं. काठी खाली आली की ढोलावर एकापाठोपाठ दोन ठोके. ते दोन ठोके ऐकले की चौदाही जणांनी सूर तोडायचा, मुक्यानं चार पावलं टाकायची आणि एका आवाजात थांबायचं. काठी फक्त मी बघायची. बाकीच्यांना काठी दिसली काय न दिसली काय, सारखंच. "तुमी माजं तोंड," ते म्हणायचे. ढोलावर मारायचे बोंडे हातात गरगर फिरवायची मला हौस होती, वरातीतले बँडवाले फिरवतात तसे. त्यांनी एकदा पाहिलं आणि बोंडे माझ्या हातातून काढून घेतले. "पावणं, ढोल वाजवायचा असतो. मिरवायचा न्हाई."

त्यांना ऐकू येईनासं होतंय हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. सरावाला ते माझ्या शेजारी उभे राहून ढोलाच्या कातड्यावर तळहात ठेवू लागले. आधी मला वाटलं, ताण तपासतायत. मग एक दिवस मागून मोटारसायकलवाला हॉर्न मारमारून थकला, तरी हे रस्त्याच्या मधोमध डावा-उजवा करत चाललेले. मी हात धरून बाजूला घेतलं. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गेलं सगळं. भांड्यांचा आवाज तेवढा येतो. कुणाला सांगू नगा." थोडं चालून गेल्यावर, मी काही विचारलं नसताना म्हणाले, "काठीला कान लागत न्हाईत. तुमी बघताय न्हवं?" मी मान हलवली. त्यानंतर वर्षभर बँड आम्ही दोघांनी तसाच चालवला, आणि खरं सांगतो, तो कधी चुकला नाही.

शेजारच्या गावच्या एका जवानाचं स्मारक बांधून झालं, त्याच्या उद्घाटनाला आम्हाला बोलावलं. बँडनं रस्त्यानं वाजवत यायचं, स्मारकासमोर आखलेल्या रेघेवर थांबायचं, आणि थांबल्याबरोबर शांतता सुरू व्हायची. रेघ त्यांनी आदल्या दिवशी जाऊन स्वतः मारली होती. जवानाची आई स्मारकाच्या पायरीशी खुर्चीवर बसली होती. आम्ही वळण घेऊन समोर आलो तसा कुठल्याशा वाहिनीचा कॅमेरा घेतलेला माणूस उलटा चालत माझ्या पुढं आला. ढोल मोठा, लाल पट्ट्याचा, त्याला तोच दिसला. मी बोंडे फिरवले.

एकदा फिरवले, दुसऱ्यांदा फिरवले. काठी वर गेलेली मला दिसली नाही, खाली आलेलीही दिसली नाही. कॅमेरा बाजूला झाला तेव्हा काठी खालीच होती. मी घाईनं दोन ठोके दिले. चार पावलं उशिरा. तोवर सासरे रेघेवर पोचून थांबले होते आणि त्यांनी सलाम ठोकला होता. पाठीमागं बँड अजून वाजतोय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. बँडनं माझ्या ठोक्यांवर सूर तोडला आणि शिकवल्याप्रमाणे आणखी चार पावलं टाकली. पुढच्या रांगेतल्या ताशाची कड त्यांच्या पाठीत बसली. ते सलामाच्या हातासकट पायरीवर पडले, फुलांच्या चक्रावर. कुणी हसलं नाही. ती आई उठली आणि त्यांना हाताला धरून उठवायला लागली, तिच्या लेकाच्या स्मारकापुढं.

संध्याकाळी देवळात सगळे जमले. एक-दोन जणांना त्यांच्या कानाची शंका आलेलीच होती. कंडक्टर माझ्याकडं वळून म्हणाला, "गुरुजी, काठीकडं तुमी एकटं बघता. काय झालं?" सगळे थांबले. सासरेही समोर बसून माझ्या ओठांकडं बघत होते. मी म्हणालो, "काठी उशिरा आली." आणि तेवढं पुरं नव्हतं म्हणून की काय, पुढं म्हणालो, "त्यांना ऐकू येत नाही. वर्ष झालं."

त्यांनी मला एकच विचारलं. "उशिरा आली व्हय?" मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली, हिशेब पटल्यासारखी. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि ते घरी गेले. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडालेला माणूस कसा दिसतो, ते त्यानंतर पाच वर्षं मी त्यांच्यात बघत आलो. ते चालायचे थांबले. म्हणजे चालायचे, पण सगळ्या म्हाताऱ्यांसारखे, मोजल्याशिवाय. पारावर बसायचे, पण कुणाचा पाय चुकला तरी पुटपुटायचे नाहीत. मामी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "नुसता हात वर करतो आन् खाली घेतो. वर आन् खाली. इचारलं तर म्हनतो, कुठं उशीर झाला त्ये बघतोय." हे माझ्या बायकोनं जेवताना मला सांगितलं. मी भात कालवत राहिलो.

इतकी वर्षं काठीवाचून काढल्यावर यंदा बँडवाल्यांनी ती माझ्या हातात द्यायचं ठरवलं. दूधवाला घरी सांगायला आला, "त्यांच्यानंतर तुमीच." मी काठी हातात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी भरदुपारी सासऱ्यांच्या घरी गेलो. आता त्यांच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागतं. माझ्याच शाळेतली जुनी पाटी मामींनी दाराशेजारी खिळ्याला टांगली आहे. मी ती काढली आणि ठळक अक्षरात लिहिलं: काठी वेळेवर आली होती. मी कॅमेऱ्याकडे बघत होतो. ठोके मी चार पावलं उशिरा दिले.

त्यांनी चष्मा पुसला. बोट फिरवत वाचलं. शिव्या येतील, निदान दार दाखवतील, अशी माझी तयारी होती. खरं तर त्यासाठीच मी गेलो होतो. त्यांनी विचारलं, "चारच?" मी चार बोटं दाखवली. ते भिंतीला धरून उठले, हात वर नेला, खाली आणला, मनाशी काहीतरी मोजलं. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "आगं ऐकलंस का, काठी बरूबर हुती." मामी बाहेर आल्या. त्यांनी पाटी वाचली, मग माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात पाच वर्षं होती. ते मात्र माझा हात धरून सांगत होते, "बरं झालं पावणं, सांगिटलंत. मला वाटलं, हातच गेला." आभार मानत होते माझे. ते आभार कुठं ठेवायचे, मला अजून कळलेलं नाही.

काठी परत घ्या असं लिहायचं म्हणून मी पाटी पुसायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे त्ये." पाटी त्यांनी स्वतः खिळ्याला लावली, सरळ लागली का ते मागं सरून बघितलं. निघताना मामी उंबऱ्याशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आवं, आता मी बोलू कशावर ह्यांच्याशी? शाळंतनं दुसरी पाटी धाडा."

मी दुसरी धाडली. ती ते दोघं वापरतात. पहिली दाराशेजारी तशीच आहे. पोस्टमन, दूधवाला, कुणीही आलं की उभ्या उभ्या ती वाचतं. मला लाजवावं असं त्यांच्या मनातही नाही. त्यांना फक्त वरची ओळ हवी आहे. खालच्या दोन सोबत राहिल्या आहेत. अक्षर कुणाचं, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. निम्म्या गावाला ते मीच गिरवायला शिकवलंय.