वर चढणारी भिंत

मिलमध्ये कापड तपासायचं माझं काम. आतून उजेड असलेल्या तिरक्या काचेच्या टेबलावरून कापड वरून खाली सरकत राहतं आणि त्यातला डाग, तुटलेला धागा नजरेनं पकडायचा. एखादा डाग सुटला तर माल घेणाऱ्या पार्टीकडून कापडाचा अख्खा ताका परत येतो आणि सगळ्यांसमोर आपलं नाव निघतं. त्या धास्तीनं मी पापणीसुद्धा लववत नसे.

नवीन होते तेव्हा एकदा जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं. मी मान वर केली, तर समोरची भिंत हळूहळू वर चढत होती. भिंतीवरचा पंखा होता तिथंच, तरी तोही चढत होता. थोड्या वेळानं सगळं थांबलं. घाबरण्याआधी मला नवलच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. तोही वर निघाला. एक डोळा झाकला, तरी तेच.

संध्याकाळी डिंडोलीच्या वस्तीतल्या घरी मी मान चोळत बसले की नवरा विचारायचा, "तुले काय व्हयनं?" मी मानेचं सांगे, भिंतीचं नाही. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतील, असं वाटे.

पण राहवेना. शेजारच्या टेबलावर एक वयस्क गुजराती बेन होती. तिला विचारलं, तुम्हाला कधी भिंत हलताना दिसते का? तिनं डबा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "उपर जाय छे ने?"

तिला ते कित्येक वर्षं दिसत होतं. कुणाची तरी नजर लागली समजून तिनं नवसही केला होता. मग आम्ही बाकीच्या बायकांना विचारलं, तर प्रत्येकीची भिंत चढत होती. म्हणजे नजर लागली नव्हती, दिवसभर खाली सरकणारं कापड बघून डोळेच फसत होते. एकीला तर झोपेतही डागच दिसायचे. ती दचकून उठायची आणि अंगावरची चादर तपासत बसायची.

सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणाला, डोळे दाखवून घ्या. मी म्हटलं, "साहेब, थोडा वेळ तुम्हीच उभे राहून बघा ना." तो सरकत्या कापडाकडे बघत उभा राहिला. मग भिंतीकडे पाहिलं आणि त्यानं टेबलाची कड धरली. रोज असं होतं का, एवढंच त्यानं विचारलं.

त्यानंतर आमच्या कामाची वाटणी बदलली. अर्धा दिवस तपासणी, अर्धा दिवस कापडाच्या घड्या घालणं. टेबलाखाली लाकडी ठोकळे आले, मान कमी वाकू लागली. एकीचा ताका दुसरी पुन्हा बघू लागली, त्यामुळे डाग सुटला तरी एकटीचं नाव निघेना.

झोपेत डाग बघणारीचं मात्र एवढ्यानं भागलं नाही. बेन आणि मी तिला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तिथं काय विचारतात, हे आम्हा तिघींनाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिला दिवसभर काय काम करतेस ते विचारलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. ती जात राहिली.

काही महिन्यांनी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती कापडाच्या गठ्ठ्याला टेकून गाढ झोपली. मशीन सुरू झालं, तरी तिला कुणी उठवलं नाही.