न वाजलेल्या हलगीवर टाकलेली ढाक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तेव्हा 'काका, भास झाला असेल' असं खाली लिहिणाऱ्यांनी आधीच गप बसावं... पन्नास वर्षं तेच ऐकतोय!

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. मी नेवाशाकडचा पैलवान, वय बावीस. कर्जतजवळच्या एका गावच्या यात्रेत माझी शेवटची कुस्ती ठरलेली. ती मारली तर नगरचे एक वस्ताद मला तालमीत ठेवून घेणार होते, नाहीतर जन्मभर घरची नांगरट.

माझ्या प्रत्येक कुस्तीला आमच्या गावचे गेनूनाना हलगी वाजवायचे. सुरुवातीच्या खडाखडीला, नुसती हातझटापट चालू असताना, ठेका संथ, आणि समोरचा ढिला पडला की हलगी एकदम कडाडायची — मी डोकं न चालवता डाव टाकायचो. लोक म्हणायचे, "कुस्ती गेनूनानाच मारतो." मला लई झोंबायचं ते.

त्या गावात पाटलांची आई वारलेली, म्हणून मैदानात वाजवायला बंदी. तरी नाना निघाले.

"वाजवत न्हाई. नुसता कडंला बसतो."

"कशाला? तुमच्यावाचून अडत न्हाई माजं. बसा घरी!"

चारचौघांत बोललो. माज होता, दुसरं काय!

दुपारी चारला सलामी झाली. मैदान चिडीचूप, नुसते श्वास आणि मातीत घासणारे पाय. मला काही सुचेचना, हात जड झाले. दहा मिनिटं अशीच गेली... आणि हलगी ऐकू आली. नानांचीच! मधली एक थाप दाबून मारायची खोड दुसऱ्या कुणाची नव्हती. ठेका चढला, कडाडला, आणि मी माझा नेहमीचा डाव, ढाक टाकली. समोरचा जागचा हलला नाही. मीच चितपट.

"हलगी कुनी वाजवली?" मी पंचांवर ओरडलो.

"कसली हलगी? येडा झाला का रं?" सगळं मैदान हसलं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.तून उतरलो तो तडक नानांच्या दारात. निकाल गावात कुणालाच ठाऊक नव्हता. नाना भाकरी खात बसलेले. मी तोंड उघडायच्या आत, मान वर न करता म्हणाले,

"त्यो ढिला पडलाच नव्हता, पैलवान. तरीबी ढाक टाकलीस."

कुस्तीच्या दिवशी नाना दिवसभर ओसरीवरच होते, शेजारीपाजारी सगळ्यांनी सांगितलं. मग वाजलं काय? आजवर उलगडा नाही. त्यांनी मुद्दाम केलं असेल तर मी त्यांना माफ केलेलं नाही. नाना जाऊनही आता वीस वर्षं झाली, आणि त्यांची माफी मागायची होती ती माझी राहूनच गेली.