खंडेनवमीचं तेल

दर वर्षी ऑक्टोबरात मी माळ्यावरून नारिंगी पेटी खाली काढते आणि दर वर्षी तिच्यातलं अर्धं सामान घरानं फस्त केलेलं असतं.

पेटी आमच्या डायव्हिंगच्या गटाची आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण इथले आम्ही सात जण रीतसर शिकलो आहोत. पावसाळा संपला की मालवणला जातो आणि पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरतो. बोटीवर कुणाच्या मास्कचा पट्टा तुटला किंवा सिलिंडरच्या तोंडाशी बसणारी रबरी रिंग फाटली, तर तिथे जवळपास दुकान नसतं. करंगळीत बसेल एवढ्या रबरापायी माणूस दिवसभर बोटीवर बसून राहतो. म्हणून सुट्या भागांची पेटी, तिच्यासोबत प्रथमोपचाराचा डबा, आणि एका वेगळ्या पिशवीत ऑक्सिजनचा संच: छोटा सिलिंडर, त्यावर बसणारा रेग्युलेटर आणि मास्क. कुणी घाबरून भर्रकन वर आलं आणि त्याच्या रक्तात बुडबुडे धरले, तर दवाखाना गाठेपर्यंत त्याला आधार तेवढाच.

सुरक्षेचं सामान एकाच्या मालकीचं नसावं, सगळ्यांचं असावं, असं मी बैठकीत म्हणाले होते. सगळ्यांना ते पटलं आणि सगळं सामान माझ्या घरी आलं.

यंदा गुरुवारी दुपारी यादी घेऊन बसले. शुक्रवारी पहाटे निघायचं होतं.

"आई, काळे प्लास्टिकचे टाय कुठे गेले?"

"ते होय? मनी प्लांट बांधला ग्रिलला. मस्त बसलेत."

"आणि व्हिनेगर?"

"मिरच्या घातल्या त्यात."

"जेलिफिश डसला तर काय मिरच्या चोळू?"

"मागच्या वर्षी डसला का? नाही ना? मग."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बाबा तीस वर्षं एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. आमच्या ठाकुर्लीच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. सहा वर्षांची असताना मी त्यांच्या घड्या घालायचे आणि घालता घालता वाचायचे. 'मागच्या वर्षी अपघात झाला नाही' असं म्हणत हातमोजे न देणाऱ्या मॅनेजरवर बाबांनी पाठपोट पत्रक काढलं होतं. ते पत्रक मला पाठ आहे. त्याच घरात मी टाय शोधत होते.

मग ऑक्सिजनची पिशवी उघडली. रेग्युलेटरवर हळदकुंकू होतं. तो उघडायच्या चाकात झेंडूची पाकळी अडकली होती. आणि पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता.

बाबा देव मानत नाहीत. घरात देव्हारा नाही, गणपती नाही. पण खंडेनवमी ते चुकवत नाहीत, कारण त्या दिवशी माणूस आपल्या हत्यारांसमोर वाकतो. पक्कड, करवत, आईचं मशीन, सायकलचा पंप, सगळं पुसायचं, तेल द्यायचं, पाटावर मांडायचं. हा एकच सण मलाही पटतो. यंदा त्यांनी माझं हत्यार पाटावर मांडलं होतं.

"बाबा, याला तेल तुम्ही दिलंत?"

"मग कोण देणार? चाक घट्ट झालेलं. आता फिरवून बघ."

"सिलिंडरच्या आट्यांना पण?"

"सगळ्याला. अर्धवट काम मी करत नाही."

दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन तेलावर आला की काडी ओढायचीही गरज नसते, तेल आपोआप पेट घेऊ शकतं, हे मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. म्हणजे फारशा शांतपणे नाही.

"सिलिंडरवर लिहिलंय, बाबा. तेल लावू नये."

त्यांनी चष्मा चढवून लेबल पाहिलं. "इंग्रजीत. मुंगीएवढ्या अक्षरात. कामगाराला कळेल अशा भाषेत सूचना लावणं कुणाचं काम?"

"माझं."

"मग?"

ते बरोबर बोलत होते, आणि संच या सहलीपुरता वाया गेला होता.

"साबणानं घासून देतो," ते म्हणाले.

"नाही. सगळा खोलून खास पद्धतीनं साफ करावा लागतो. एका दिवसात होत नाही."

मी गटावर कळवलं: ऑक्सिजन नाही, दुसरा मिळाला नाही तर पाण्यात उतरायचं नाही. यंदा दोघांची समुद्रातली पहिलीच डुबकी होती. आतापर्यंत ते बाळकुमच्या तरणतलावात फक्त सराव करत होते. लगेच माझ्या बालमैत्रिणीचा फोन आला. सगळ्या सहलीचं बुकिंग तिनंच केलेलं.

"अगं, बोटवाल्याकडे असतो की."

"विचारलं त्याला. 'आसा' म्हणाला. भरलेला आहे का विचारलं, तर म्हणाला 'आसतलो'. असेल म्हणे. असेल यावर मी माणसं पाण्यात सोडू?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीचा मोर्चा करतेस. आता पत्रक काढणार का?"

"काढीन. तुझ्या दारावर चिकटवीन."

फोन ठेवला तेव्हा बाबा सदऱ्याची बटणं लावत होते. "चल कल्याणला," म्हणाले. "करोनात सिलिंडर भाड्यानं देणारी दुकानं निघालेली. एखादं असेल अजून."

आम्ही रिक्षा केली. दुकान सापडलं. आत व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, आणि भिंतीला टेकून सिलिंडरची रांग. निदान कुणा आजाऱ्याच्या तोंडचं काढून नेत नव्हते.

"पेशंट कोण?" दुकानदारानं वही उघडत विचारलं.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा स्टुलावर टेकले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

"मी."

"काय होतं, काका?"

"दम लागतो. तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात होतो."

तीस वर्षं खरी, दम खोटा. सकाळीच ते पाण्याचा कॅन घेऊन तीन मजले चढले होते. ज्या माणसानं मला शिकवलं की खोट्या सहीपेक्षा मोडलेला संप बरा, तो माणूस स्टुलावर बसून बारीक खोकत होता. मी बोलायला हवं होतं. पहिल्यांदाच समुद्रात उतरणाऱ्या दोघांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि मी गप्प बसले. दुकानदारानं मास्क कसा लावायचा ते मला दोनदा दाखवलं, बाबांना पाणी दिलं, आणि सिलिंडर स्वतः रिक्षात ठेवला. "काळजी करू नका, काका. रात्री काही वाटलं तरी फोन करा."

रिक्षा सुटल्यावर मी म्हटलं, "लाज वाटते मला."

"वाटू दे. उद्या पोरं बुडाली असती तर जास्त वाटली असती."

"खरं सांगून दिला नसता का त्यानं?"

"नसता दिला तर काय केलं असतंस?"

मालवणला सगळं सुरळीत झालं. दोघंही उतरले, वर आले, बोटीवर भरपूर उलट्या केल्या आणि खूश होते. सिलिंडरचं सील तसंच राहिलं. सोमवारी ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकून मी तो परत करायला कल्याणला गेले.

दुकानदारानं मला एकटीला पाहिलं. मग सिलिंडरच्या सीलकडे पाहिलं. वही बंद केली आणि उठून उभा राहिला.

"कधी गेले?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चार दिवसांत भरलेला सिलिंडर परत येतो तो कशामुळे, हे त्या माणसानं करोनात किती वेळा पाहिलं असेल. त्यानं पंख्याचं बटण दाबलं आणि बाबा बसले होते तेच स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: समुद्र, तेल, हळदकुंकू, स्टुलावरचा खोकला.

त्यानं वही पुन्हा उघडली. पावती फाडून माझ्या हातात दिली.

"समुद्रासाठी मागितला असतात तर मी नसता दिला," तो म्हणाला. "पण ते माझं मी ठरवलं असतं. आणि तुम्ही नाही, काकांना पाठवा. जे बोलले त्यांनी यावं."

घरी आले तेव्हा बाबा जिना झाडत होते.

"केला परत? काय म्हणाला?"

"तुम्ही गेलात असं समजला."

केरसुणी थांबली. "वाईट वाटलं त्याला?"

"हो."

ते पायरीवर बसले. मला वाटलं आता काहीतरी पत्रकातलं बोलतील. पण ते उठून आत गेले आणि आईला विचारू लागले की इस्त्रीचा सदरा कुठे आहे, कल्याणला जाऊन यायचंय.