निळा पडदा आणि मणीची बोटं

तंजावूरच्या दक्षिण वीधी नावाच्या रस्त्यावर अंबाचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे आणि त्या दुकानावरून जाताना लोक आवाज खाली घेतात. गल्लीतले तमिळ लोक तिला इडी अक्का म्हणतात. इडी म्हणजे कडाडून कोसळणारी वीज. नाव खोटं म्हणायची सोय नाही. एका गिऱ्हाइकानं 'बाईमाणसानं जोडलेलं यंत्र' असं काहीतरी पुटपुटलं, तर तिनं त्याचा मॉनिटर उचलून कालव्यात भिरकावला होता. गिऱ्हाईक हाताला लागलं नाही म्हणून कोरडं घरी गेलं.

बापाचा मार खाऊन वाढलेली बाई ही. बाप कचेरीत कारकून, घराणं जुनं मराठी, बोलीही तीच जुनी तंजावुरी, देवघरात भवानीचा टाक आणि दाराआड खुंटीला पट्टा. धाकटा भाऊ मणी भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि त्याच्या वाटणीचे वळ अंबा स्वतःच्या पाठीवर घ्यायची. पण मार खाल्ला म्हणून माणूस मारायचं सोडतो असं थोडंच आहे! बाप गेला, त्याची जागा रिकामी झाली आणि अंबा तिथं जाऊन बसली. मणीवर तिचा जीव होता, आणि तिचा हात सगळ्यांत जास्त पडायचा तो मणीच्याच पाठीवर. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मणी दुकानाच्या मागच्या भागात सोल्डरिंगचं काम करायचा. मदरबोर्डवरचा मोहरीएवढा जळका तुकडा काढून तिथं दुसरा बसवणारी बोटं होती त्याची. दुकान अंबाच्या आवाजावर चालायचं असं लोक म्हणत. खरं तर ते मणीच्या उजव्या हातावर चालायचं.

पापनाशमचा प्रवीणकुमार लग्नाचे व्हिडिओ करायचा. त्यानं नवं, दणकट यंत्र जोडायला सांगितलं. मणीनं तिरुचीहून रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या आणल्या, बाकीचं सगळं अंबानं आपल्या हातानं बसवलं. तिची एक रीत होती. आयुधपूजेला सगळे आपापल्या हत्यारांना चंदनकुंकू लावतात, ही बारा महिने लावायची. नव्या यंत्राचं झाकण बंद करण्याआधी आतल्या पत्र्याला ओल्या चंदनाचं बोट, वर कुंकू. त्याशिवाय यंत्र दुकानाबाहेर पडायचं नाही.

यंत्र गेलं आणि रडत परत आलं. काम रंगात आलं की पडदा निळा व्हायचा, त्यावर विंडोजचं ते रडकं तोंड उमटायचं, आणि सगळं बंद. अंबानं विंडोज पुसून पुन्हा घातलं. यंत्र गेलं, परत आलं. तिनं पॉवर सप्लाय बदलला, ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं लावलं, पंखे तपासले. दुकानात हलक्या कामाला यंत्र शहाण्यासारखं चालायचं आणि पापनाशमला पोचलं की निळं व्हायचं. तिनं एक कीबोर्ड टेबलावर आपटून दोन तुकडे केले. त्यानंही काही फरक पडला नाही.

मग एका मोठ्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यावर असताना पडदा निळा झाला आणि तो व्हिडिओ असलेली डिस्कच वाचेना. मुलीच्या मामांनी प्रवीणकुमारला त्याच्याच स्टुडिओत गाठून तुडवला. दुसऱ्या सकाळी सुजलेला डोळा आणि दोन धटिंगण घेऊन तो दक्षिण वीधीत उतरला. कॅबिनेट त्यानं अंबाच्या पायाशी आदळलं आणि हातातली सळई काउंटरच्या काचेवर घातली. काच अंबाच्या कपाळात घुसली. ती मागे सरली नाही. टेबलावरचा जुना पॉवर सप्लाय वायरीसकट गरगरा फिरवून तिनं त्याच्या तोंडावर हाणला, आणि ओठ फाटून दातांत अडकलेला सगळ्यांना दिसला. धटिंगणांनी तिला केसांना धरून खाली पाडलं, लाथा घातल्या. शेजारचे लोक धावून आले म्हणून कुणाचा जीव गेला नाही.

"संध्याकाळपर्यंत यंत्र चाललं नाही तर दुकान पेटवतो," प्रवीणकुमार तोंडातलं रक्त थुंकत तमिळमध्ये म्हणाला आणि गेला.

अंबानं कपाळाला फडकं बांधलं, यंत्र उघडलं आणि मेमरीची तपासणी लावली. पडद्यावर चुकांच्या लाल ओळी धावायला लागल्या. पट्ट्या आलटून पालटून लावल्या, तरी पुन्हा लाल. म्हणजे पट्ट्याच खराब. आणि पट्ट्या आणल्या होत्या मणीनं.

"कोठून उचलून आणलास हें?" ती ओरडली.

मणीनं उजवा हात टेबलावर टेकला होता. तो काहीतरी बोलायला गेला, आणि तोंड मिटलं.

"बोल ना! कुठल्या चोराकडून आणलास?"

मणीनं मान खाली घातली. वड्याचं तेल वांग्यावर निघायला एवढं पुरे झालं. अंबानं लोखंडी स्टूल उचललं आणि त्या हातावर घातलं. एकदा नाही, दोनदा. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मणी ओरडलाही नाही, नुसता खाली बसला. शेजाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अंबा गेली नाही. ती तिरुचीच्या बसमध्ये बसली, दुकानदाराच्या नाकासमोर सील फोडून नव्या पट्ट्या घेतल्या, दुपारी परत येऊन बसवल्या.

पडदा निळा झाला.

त्या रडक्या तोंडाकडे ती बघत राहिली. हातात स्टूल होतं, पण मारायला आता समोर कोणी नव्हतं. मग तिनं पट्ट्या उपसल्या, टॉर्च घेतला आणि रिकाम्या खाचेत वाकून पाहिलं. आत पिवळं, वाळलेलं काहीतरी बसलं होतं. सुईनं खरवडून तिनं ते नाकाशी नेलं. चंदन होतं.

झाकणाच्या पत्र्याला बोट लावून झालं, तेव्हा एक पट्टी नीट बसली नाही असं वाटून तिनं ती काढली होती आणि खालच्या कडेला त्याच ओल्या बोटानं धरून पुन्हा दाबली होती. जुन्या पट्ट्या ती नेहमी रबरानं घासून घ्यायची. पण नव्या पट्टीला कोण रबर लावतं? खाचेतला लेप दमट दिवसात ओला व्हायचा आणि काम जड झालं की हिशेब चुकवायचा. जी पट्टी त्या खाचेत जाईल ती दोषी ठरायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तिनं स्पिरिटनं खाच धुतली, मणीच्या जुन्या पट्ट्या घासून बसवल्या. लाल ओळ एकही आली नाही. संध्याकाळी ओठाला टाके घातलेला प्रवीणकुमार यंत्र घेऊन गेला. पुढेही ते बंद पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंबा तिरुवैयारुला मणीच्या घरी गेली. त्याची बायको रम्या दारात आडवी उभी राहिली.

"दोन बोटं आतां वळणार नाहींत म्हणून डॉक्टर सांगटले," ती म्हणाली. "सोल्डरिंग संपलं. पाहायला आलांत?"

"आंत सोड गे," अंबा म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली होता. रम्या बाजूला झाली.

मणी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून जेवायला बसला होता. डावा हात भाताजवळ न्यायचा आणि लाजून मागे घ्यायचा. अंबा त्याच्यासमोर बसली.

"मणी, तुझ्या पट्ट्या चांगल्या होत्या. मीच चंदनाच्या बोटानं दाबलें. चूक अस्की माझी, सगळी माझी."

"मज ठाऊक होतं, अक्का."

"काय?"

"तूं दाबलीस तेव्हां बोट पिवळं होतं. मीं पाहिलों."

"मग सांगटला का नाहींस?" ती किंचाळलीच. "इतके दिवस! माझ्यासमोर बसून!"

"सांगटलों असतों तर तूं मारली असतीस," मणी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. पाऊस आला असता तर भिजलों असतों, अशा सहजपणे तो बोलला.

 अंबानं त्याचं ताट पुढं ओढलं, दहीभात कालवला, लहानपणी त्याला भरवायची तसा घास केला आणि हात उचलला.

मणीनं डोळे घट्ट मिटले आणि मोडका हात डोक्यावर घेतला.