कडेने दिसणारी दीर्घिका

शनीची कडी दाखवली असती तर सुटलो असतो. पण तोंडाला लगाम नव्हता. "शनी काय, कुणीही दाखवतं! मी देवयानीची बटू दीर्घिका दाखवतो," असं सानपाड्यातल्या आमच्या अख्ख्या इमारतीला सांगून बसलो होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडील, म्हणजे आबा, वाशीच्या बाजारात गोण्या वाहणारे माथाडी, पाठ गेलेली. माथाडींच्या टोळीत बापाची जागा मुलाला मिळते, आणि मुलगा मी एकटाच. आबा म्हणाले, "नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाय आसं कायतरी दाव, मंग शीक म्होरं. न्हायतर सोमवारपासनं माथाडीचा बिल्ला लाव."

दुर्बिणीचा आठ इंची आरसा मी घरीच, पिंपावर काच ठेवून घासलेला. घासताना पिंपाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की तेवढ्यात साताऱ्याला चालत जाऊन कंदी पेढे आणले असते. शनिवारी रिकाम्या टेम्पोतून दुर्बीण आणि आबा, दोघांना उलव्याच्या खाडीकाठी नेलं. तिथला अंधार तेव्हा कापून गोणीत भरावा असा. डिसेंबरातले संध्याकाळचे आठ. देवयानीशेजारच्या शर्मिष्ठेच्या ताऱ्यांवरून जागा धरली, डोळा लावला.

नुसता काळोख.

"काय रं?"

"थांबा आबा, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे! मोठ्या देवयानीभोवती फिरणारं छोटं गाव, अंड्यासारखं लांबट. सगळे तारे म्हातारे. वायू संपलाय, नवा तारा जन्मत नाही."

"आनि दिसतबी न्हाय."

तासभर टक लावली. साताऱ्यापासून उलव्यापर्यंतच्या झाडून सगळ्या देवांना नारळ बोललो. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते थंडीचं, असं मी तेव्हा सांगितलं.

"सरक." आबांनी गोणीखाली घालावी तशी मान वाकवली. "सरळ काय बगतुयास बैलावानी? वझं आसलं की वाट कडंनंच बगायची आसती... हाय की! पीठ सांडल्यागत. लांबुळकं."

अंधुक उजेड डोळ्याच्या कडेलाच दिसतो, हे खरंच; जागा, आकार, सगळं बरोबर होतं. मी जिंकलो होतो.

मग आबांची मान वर येईना. दोन्ही हातांनी धरून सरळ केली, तेव्हा हाडं वाजली.

"मी सबूद पाळतो," ते धापा टाकत म्हणाले. "आता तू बग. दिसतंय?"

कडेनं पाहिलं. काळोखच. पुढं शिकायला एक 'हो' पुरला असता, आणि थापा तर मी सकाळी चहाबरोबर मारायचो. पण त्यांची मान अजून माझ्या तळहातात होती.

"नाही, आबा."

सोमवारी बिल्ला मीच मागून घेतला. पहिली गोणी मानेवर आली, समोरचं सगळं गेलं, आणि कडेनं हातभर वाट दिसायला लागली.