पायाळू होता होता राहिलेली लेक

माझ्या पहिल्या बाळंतपणाची वाट माझ्यापेक्षा वडनेरच्या दुखऱ्या कमराच जास्त पाहत होत्या. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी माहेरी आले, आठवा महिना सरत आला आणि सुईणीनं पोटावरून तेलाचा हात फिरवत जाहीर केलं, "डोस्कं वरतं हाय. पोट्टं मस्त मांडी घालून बसून राह्यलं."

पायांकडून जन्मलेलं मूल पायाळू. त्यानं पाठीला तीनदा पाय लावला की भरलेली चमक जाते, अशी आमच्याकडे पक्की समजूत. गावातला एकुलता एक पायाळू नागपूरला मिलमध्ये लागला होता, तेव्हापासून अर्धं गाव वाकून चालत होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात दरबार भरला. शेजारचे म्हातारे मामा कमरेला दुपट्टा आवळून सर्वांत पुढे.

"पोरी, फिरवू नको देजो त्याले. पहिला नंबर माहा."

"अन् अडकलं त मामा?"

"नाई अडकत," मामा म्हणाले आणि कण्हत खाली बसले.

सुईण म्हणत होती, मी दाबून फिरवते. गावच्या दवाखान्यातून आलेल्या नर्सबाईंनी तिचा हात धरला. भलतीकडे दाब पडला तर दोघंही जातील, म्हणाल्या. वर्ध्याला न्या, डॉक्टरीणबाई हातानं वळवून पाहतील. नाहीच वळलं तर त्यांच्या नजरेखाली पायांकडून होईल, नाहीतर ऑपरेशन.

त्या शब्दासरशी सगळे आईकडे पाहू लागले. गावातली सर्वांत दुखरी कंबर तिचीच होती. कापूस वेचताना भरलेली चमक दोन वर्षं निघाली नव्हती; डोक्यावर घागरही दुसऱ्याला ठेवावी लागे. मी हळूच विचारलं, "आई, तुह्या कमरीचं काय?"

"दुखून राह्यली, दुखू दे. तू ऊठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बैल जुंपलेल्या बंडीत हातभर कापूस अंथरला. मी त्यावर महाराणीसारखी आडवी, आई कडेच्या फळीवर. हिंगणघाटच्या स्टेशनापर्यंत चाक खड्ड्यात गेलं की तिचा चेहरा पिळवटायचा, पण हात कमरेकडे न जाता माझ्या पोटावर यायचा.

वर्ध्याला डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी लावून ठोके ऐकले आणि गार हातांनी बाळ वळवायला घेतलं. दोनदा ते निसटून पुन्हा मांडी घालून बसलं. तिसऱ्यांदा वळलं. महिनाभर आम्ही मायलेकी तिथेच राहिलो, आणि मुलगी चारचौघींसारखी डोक्याकडून आली.

गावी परतल्यावर मामांनी बैलबाजारातल्यासारखे तिचे पाय निरखले. "पाय त चांगले होते," एवढंच म्हणाले.

लेक चालायला लागल्यावर मी माहेरी गेले की आई पालथी पडायची आणि तिला पाठीवर पाय ठेवायला लावायची.

"आई, ही पायाळू नाई."

"तुले काय ठाव? पोटात त होती."

मग भिंत धरून, ओठ दाबून उठायची आणि नातीला सांगायची, "गेली बाई चमक."

आता आई नाही, आणि माझीही कंबर धरते. लेक सुट्टीत आली की मी सतरंजीवर पालथी पडते. ती हसते, "आई, मी पायाळू नाही." पुढचं उत्तर मला तोंडपाठ आहे. तरी क्षणभर मी कान देते, ते आईच्या आवाजात येईल म्हणून.